सागवानी व्हीनिअर निवडताना रेषा पाहून घ्या
सागाच्या एकाच ओंडक्यातून निघालेली दोन व्हीनिअर (प्लायवुडसारख्या फळीवर चिकटवायचे लाकडाचे पातळ पत्रे) अगदी वेगळी दिसू शकतात, कारण रेषांचे रूप लाकडाइतकेच ते कापणाऱ्या पात्याच्या दिशेवर अवलंबून असते. ओंडका उभा अर्धा चिरून त्याचे सपाट काप काढले, तर वर्षवलये तिरकी कापली जाऊन मधोमध एकावर एक रचलेल्या डोंगरांसारखी नक्षी उमटते; बाजारात तिला क्राउन म्हणतात. ओंडक्याचे चार भाग करून वलयांना साधारण काटकोनात काप घेतल्यास जवळजवळ सरळ, समांतर रेषा मिळतात. हा क्वार्टर कट. ओंडका गोल फिरवत कागदाच्या गुंडाळीसारखा सोलला, तर पत्रा रुंद मिळतो, परंतु नक्षी पसरट आणि विस्कळीत येते, म्हणून ही पद्धत मुख्यतः प्लायवुडसाठी वापरतात.

कपाटाच्या अरुंद दारांना क्वार्टर शोभतो, कारण क्राउनचा डोंगर मध्येच कापला गेला की दार अपुरे वाटते. क्राउन घ्यायचाच असेल, तर सर्व पत्रे एकाच गठ्ठ्यातले आणि लागोपाठच्या क्रमांकांचे मागावेत, म्हणजे शेजारच्या दारांवर नक्षी जुळवता येते. दुकानात केवळ हातभर नमुन्यावर निर्णय घेऊ नये. आठ बाय चारचा पूर्ण पत्रा उभा करून, ओल्या फडक्याने कोपरा पुसून पाहावा, कारण पॉलिशनंतर रेषा किती गडद होतील याचा अंदाज त्या ओल्या डागातच येतो.