गॅसलाइट नीट कसा बघायचा

व्हिक्टोरियन काळातली जुनी मर्डर मिस्ट्री बघायचीये, पण ब्लॅक अँड व्हाइट म्हणून टाळत असाल तर १९४४ चा गॅसलाइट लावा. जॉर्ज क्यूकरचं दिग्दर्शन, इन्ग्रिड बर्गमनला यासाठी पहिलं ऑस्कर मिळालं.

आधी एक सांगते, खुनी कोण हे शोधत बसू नका. लंडनच्या एका घरात नावाजलेल्या गायिकेचा खून झालेला असतो, काही वर्षांनी तिची भाची लग्न करून नवऱ्याबरोबर त्याच घरात राहायला येते आणि संशय कुणावर घ्यायचा हे आपल्याला फार लवकर कळतं. खरी गंमत पुढे आहे, त्या बिचारीला स्वतःच्याच डोक्यावर संशय घ्यायला कसं लावलं जातं ते बघण्यात.

बघताना खोलीतले लाइट बंद करा आणि टीव्हीचा तो भडक विव्हिड मोड काढून टाका, नाहीतर सावल्यांची पार वाट लागते आणि या पिक्चरमध्ये सावल्याच तर बघायच्यात! हेडफोन असतील तर लावाच, वरून येणारे पावलांचे आवाज फार बारीक आहेत.

आता मेन गोष्ट, भिंतीवरच्या दिव्यांवर नजर ठेवा. तेव्हा घरातले सगळे दिवे एकाच गॅसच्या पाइपवर असायचे, त्यामुळे दुसऱ्या खोलीत कुणी बर्नर पेटवला की प्रेशर कमी होऊन इथली ज्योत बारीक व्हायची. हे माहीत असलं ना की नवरा बाहेर पडल्यावर दिवा मंद होतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण घरात दुसरा दिवा कुणीच लावलेला नसतो, निदान नोकर तरी तसंच सांगतात.

पियानोच्या कार्यक्रमाचा सीन आला की फोन बाजूला ठेवा. नवऱ्याचं घड्याळ गायब होतं, ते बायकोच्या पर्समध्ये सापडतं, तो आवाजही चढवत नाही आणि ती भरल्या मैफिलीत रडायला लागते. तिथे बर्गमनचा चेहरा बघाच, पण त्याचे हातही बघा, ते बहुतेक जण मिस करतात.

नॅन्सी नावाची उद्धट मोलकरीण आहे, ती अँजेला लॅन्सबरी, पहिलाच पिक्चर, शूटिंग सुरू झालं तेव्हा १७ वर्षांची होती, आणि काय तोरा दाखवलाय पोरीने!

हा पिक्चर एका नाटकावरून केलाय, आवडला तर त्याच नाटकावरचा १९४० चा ब्रिटिश गॅसलाइटही बघा, पण लगेच नको, दोन-चार दिवस जाऊ द्या.