जुन्या फोनची डायल उघडताय? आधी या चुका टाळा

तबकडीचा फोन माळ्यावर वीस-तीस वर्षं पडून राहिला तरी त्याची डायल सहसा मोडत नाही. ती आळसावते, इतकंच. तेल सुकतं, धूळ बसते, तबकडी परत यायला वेळ लावते. मोडते ती उघडल्यावर, तेही बहुतेक वेळा पहिल्या अर्ध्या तासात. म्हणून आधी डायल नेमकं काय करते ते समजून घ्या.

तबकडी ओढताना नंबर जात नाही, ती परत येताना जातो. परतीच्या वाटेवर डायल लाइन तोडते आणि जोडते: 1 ला एकदा, 9 ला नऊ वेळा, 0 ला दहा वेळा. अशी एक तोड-जोड म्हणजे एक पल्स. वेग सेकंदाला दहा पल्स. आपल्याकडच्या आणि ब्रिटिश घडणीच्या डायलमध्ये प्रत्येक पल्सच्या 100 मिलिसेकंदांपैकी सुमारे 67 लाइन तुटलेली असते आणि 33 जोडलेली. हा ताल गव्हर्नर सांभाळतो. एका छोट्या वाटीत दोन वजनं गरगर फिरतात, वेग वाढला की बाहेर फाकून वाटीच्या भिंतीला घासतात आणि तबकडीला आवरतात. सगळी मदार या घासण्यावर आहे.

फवारा मारणं

सर्वांत जास्त डायल याच चुकीने बिघडतात. गंज सोडवणाऱ्या तेलाचा डबा हाताशी असतो, डायल जड वाटते, मग बोटांच्या भोकांतून दोन फवारे आत. पुढे काय होतं ते जुन्या बाजारातून आलेल्या अशाच एका काळ्या फोनवर बघा. त्याची तबकडी 0 वरून यायला दोन सेकंद घ्यायची. फवारा मारल्यावर ती झटकन यायला लागली आणि मालक खूश झाला. प्रत्यक्षात तेल गव्हर्नरच्या वाटीत गेलं होतं. घर्षण संपल्यामुळे डायल सेकंदाला चौदा-पंधरा पल्स टाकत होती आणि नंबर चुकत होते. वेग कमी करायला मालकाने गव्हर्नरच्या, म्हणजे ती वजनं धरणाऱ्या, पात्या चिमट्याने बाहेर वाकवल्या. काही आठवड्यांत तेलात धूळ मिसळून चिकटा झाला आणि तबकडी अर्ध्यावर अडकू लागली. शेवटी वाटी नीट पुसली तेव्हा घर्षण परत आलं, पण पात्या वाकलेल्याच होत्या, त्यामुळे वेग सहा पल्सवर घसरला. मूळ दोष सुकलेल्या तेलाचा होता. फवाऱ्यानंतर त्याचे तीन दोष झाले.

वाटी आणि वजनांची घासणारी टोकं कोरडीच राहिली पाहिजेत. काडीला कापूस गुंडाळून आयसोप्रोपिल अल्कोहोलने वाटी आतून पुसा आणि कापूस पांढरा निघेपर्यंत बदलत राहा. तेल लागतं ते गव्हर्नरच्या दांड्याच्या दोन टोकांना, मधल्या चाकांच्या टेकूंना आणि मुख्य दांड्याला. घड्याळाचं तेल घ्या आणि टूथपिकच्या टोकावर येईल तेवढंच लावा. अख्ख्या डायलला मिळून तीन-चार थेंबांच्या वर तेल गेलं, तर ते वाटीत पोहोचलंच समजा. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालतं, खोबरेल कधीच नाही.

पात्या वाकवायची पाळी शंभरात एखाद्या डायलवर येते. स्वच्छता आणि तेल झाल्यावर, डायल दिवसभर फिरवून झाल्यावरही वेग 9 ते 11 पल्सच्या बाहेर असेल, तरच त्यांना हात लावा. दोन्ही पात्या सारख्याच आणि केसभर हलवा. आत घेतल्या की वेग वाढतो, बाहेर काढल्या की कमी होतो.

तबकडी उचकटणं

ब्रिटिश घडणीच्या काळ्या फोनांत मधलं लेबल आणि त्याची कडी काढली की खाली स्क्रू दिसतो. तो सोडवला की तबकडी वर येते. अमेरिकन 500 मॉडेलमध्ये मात्र स्क्रू शोधत बसू नका. तिथे तबकडी 0 ला धरून शेवटपर्यंत ओढायची, तिच्यावरच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपर क्लिप दाबायची आणि खटका दबलेला ठेवून तबकडी आणखी थोडी त्याच दिशेने फिरवायची. ती हातात येते. कडेखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटली की प्लास्टिकला तडा जातो. पारदर्शक तबकडी अल्कोहोलनेही पुसू नका, बारीक रेघा पडतात. साबणाचं कोमट पाणी पुरतं.

स्प्रिंग मोकळी सोडणं

तबकडी शांत दिसते तेव्हाही मुख्य स्प्रिंग ताणलेली असते. या आगाऊ ताणामुळेच 1 फिरवल्यावरही तबकडी जागेवर ठामपणे येते. हे लक्षात न घेता मुख्य दांडा सोडवला की सगळं गरकन फिरतं. स्प्रिंगचा आकडा तुटतो किंवा पल्सच्या पातळ पट्ट्या वाकतात. तुटलं काहीच नाही तरी ताण किती होता ते कळायला मार्ग उरत नाही.

मुळात स्वच्छतेसाठी दांडा सोडवावा लागतच नाही. तबकडी काढून, डायल फोनबाहेर घेऊन जवळपास सगळं करता येतं. तरी सोडवायचाच असेल, तर मार्करने फिरत्या आणि स्थिर भागावर समोरासमोर खूण करा, चाक अंगठ्याने धरा, हळूहळू सोडा आणि फेरे मोजा. पूर्ण फेरे आणि उरलेला अंश कागदावर लिहा, लक्षात राहील असं गृहीत धरू नका. जोडताना तेवढाच ताण द्या. फेऱ्यांची नोंद हरवलीच असेल तर ढिल्या स्प्रिंगपासून अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने वाढवत जा आणि 1 फिरवून तबकडी न रेंगाळता जागेवर बसली की थांबा. 0 पर्यंत ओढताना शेवटी हात जड पडत असेल तर ताण जास्त झालाय.

मंद डायल स्प्रिंग आवळून वेगात आणायचा उपाय करू नका. वेग ठरवणं गव्हर्नरचं काम आहे. आवळलेली स्प्रिंग फक्त दाते आणि खटका झिजवते.

वायर आणि संपर्क

वायर सोडवण्याआधी फोटो काढा, दोन बाजूंनी. लाइन आधीच काढून ठेवा, कारण घंटीच्या वेळी तिच्यात 75 व्होल्ट किंवा त्याहून जास्त एसी येतो आणि तो चांगलाच चटका देतो. 500 मॉडेलमध्ये डायलच्या वायर फोनच्या आतल्या अक्षरं लिहिलेल्या स्क्रूंना जातात: निळी एफला, हिरवी आरआरला, आणि दोन पांढऱ्या आर आणि जीएनला.

जोडून झाल्यावर फोनचं वागणं दोष सांगतं. फोन पूर्ण मुका असेल तर पल्सचे संपर्क लाइनमध्ये आलेले नाहीत. टकटक कानात येऊ नये म्हणून तबकडी फिरताना डायल रिसीव्हर शॉर्ट करते. लाइन मिळते पण कानात काहीच ऐकू येत नाही, तर तबकडी स्थिर असतानाही रिसीव्हर शॉर्ट होतोय. नंबर लागतो पण फिरवताना कानात जोरात टकटक होते, तर शॉर्ट करणाऱ्या पट्ट्या जुळलेल्याच नाहीत.

संपर्कांना पॉलिश पेपर लावू नका. जाड कोऱ्या कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून दोन संपर्कांमधून ओढा, मग कोरडी ओढा. बस.

ब्रिटिश फोनांना बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या मापाच्या आट्याचे स्क्रू असतात. 6 बीए 2.8 मिलिमीटरचा असतो, त्यामुळे 3 मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू जोर लावून आत जातो आणि आटे कायमचे खातो.

तबकडी परत बसवताना 1 चं भोक 1 वरच आहे ना, ते मधला स्क्रू आवळण्याआधी बघा.

वेग चुकीचा मोजणं

तबकडीच्या पूर्ण परतीचा वेळ मोजू नका, त्यात पल्स नसलेला रिकामा प्रवासही असतो. मोबाइलवर 0 चा आवाज रेकॉर्ड करा आणि पहिल्या पल्सपासून दहाव्या पल्सपर्यंतचा वेळ बघा. मध्ये नऊ अंतरं आहेत, म्हणून 0.9 सेकंद हवं. 0.82 ते 1 सेकंदामध्ये असेल तर डायल बंद करा आणि तिला पुन्हा हात लावू नका.

एवढं करूनही नंबर लागत नसेल तर डायल पुन्हा उघडण्याआधी लाइन तपासा. फायबरच्या अनेक मोडेमना पल्स समजतच नाहीत, डायल टोन मात्र ते नीट देतात. अशा जोडणीवर मध्ये पल्सचा टोन करणारा कन्व्हर्टर बसवावा लागतो.