जपानमधून जुना केई ट्रक मागवताय? या चुका टाळा

लहानपणी मारुती ओम्नीच्या मागच्या बाकावर दाटीवाटीने बसलेल्या माणसाला सुझुकी कॅरी हा केई ट्रक, म्हणजे जपानमधला अगदी छोट्या मापाचा मालट्रक, दिसला, की जुनी ओळख निघाल्यासारखं होतं. १९८४ सालची ओम्नी कॅरीवरूनच बेतलेली. अमेरिकेत आल्यावर मी नव्वदच्या दशकातला असाच एक कॅरी जपानच्या लिलावातून मागवला. तेव्हा काय चुकलं आणि पुढे मित्राच्या ट्रकच्या वेळी काय सांभाळलं, ते लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ट्रक शोधण्यापासून सुरुवात करणं. सुरुवात आपल्या राज्याच्या नोंदणी खिडकीपासून करा. २५ वर्षं झालेली गाडी केंद्राच्या नियमाने देशात आणता येते, पण रस्त्यावर चालवायला नंबर राज्य देतं. काही राज्यं केई ट्रकला नंबर देतच नाहीत, काही ठरावीक रस्त्यांपुरताच देतात. कॅलिफोर्नियात धुराचे नियम आडवे येतात. तोंडी ‘हो’वर विसंबू नका, ईमेलने लेखी उत्तर घ्या. विम्याचंही तेव्हाच विचारा.

ही २५ वर्षं मॉडेलच्या सालावरून नाही, गाडी बनल्याच्या महिन्यापासून मोजतात. जपानी कागदावर साल हेइसेई, म्हणजे तिथल्या सम्राटाच्या कारकिर्दीच्या, पद्धतीचं असतं. त्यात १९८८ मिळवायचे, म्हणजे हेइसेई १२ झालं २०००. निर्यात दाखल्यावर पहिल्या नोंदणीचा महिना असतो, तो पुरावा म्हणून चालतो. २५ वर्षं भरण्याआधीच जहाज पोचणार असेल तर बुकिंग पुढे ढकला.

लिलावपत्रक नीट वाचा

लिलावपत्रक म्हणजे लिलावगृहाने गाडी तपासून भरलेला कागद. इथे मी फसलो, म्हणून जरा सविस्तर. एकंदर दर्जा साडेतीन पाहून मी खूश झालो. ट्रकच्या आकृतीत हौद्याच्या कोपऱ्याशी बारीक अक्षरात ‘सी-२’ लिहिलं होतं, तो मला ओरखडा वाटला. ओरखड्याची खूण ‘ए’, पोच्याची ‘यू’, गंजाची ‘एस’. ‘सी’ म्हणजे पत्रा कुजत चाललाय. ट्रक आल्यावर हौद्याखालच्या आडव्या पट्टीला स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. जपानमध्ये माझ्या वतीने बोली लावणाऱ्या एजंटाने फोटो वरूनच काढले होते, आणि खालचे मीही मागितले नव्हते.

आता बोली लावण्याआधी मी चॅसिसच्या दोन्ही दांड्या, हौद्याचा तळ, दाराखालचा उंबरा, चाकांच्या कमानी आणि केबिनमधल्या चटईखालचा पत्रा, एवढे फोटो मागतो. ते मिळत नसतील तर ट्रक सोडून देतो. लिलाव कुठे झाला यापेक्षा ट्रक कुठे राबला हे महत्त्वाचं. होक्काइडो, तोहोकूसारख्या बर्फाळ भागात रस्त्यावर मीठ पडतं, आणि तिथला ट्रक टोकियोजवळच्या लिलावातही येऊ शकतो. किलोमीटरच्या आकड्यावर फार जाऊ नका. पाच आकडी मीटर लाखानंतर पुन्हा शून्यावर येतो.

पैसे आणि कागद

बोलीची रक्कम म्हणजे खर्च नव्हे. मोटारीवर मूळ आयात शुल्क २.५ टक्के, पण ट्रकवर २५ टक्के. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला, त्याला उत्तर म्हणून १९६४ साली हे सुरू झालं, ते अजून आहे. २०२५ पासून शुल्कांत बरेच बदल झाले, तेव्हा बोली लावायच्या आठवड्यातला दर कस्टम्स ब्रोकरकडून लेखी घ्या. शिवाय बंदराचे आकार, ब्रोकरची फी आणि घरापर्यंतची वाहतूक. उशीर झाला की दिवसागणिक साठवणूक भाडं चढतं.

अमेरिकेच्या परिवहन खात्याचा एचएस-७ आणि ईपीएचा, म्हणजे पर्यावरण खात्याचा, ३५२०-१ हे दोन फॉर्म लागतात. २१ वर्षांवरच्या गाडीला ईपीएची सूट मिळते, पण इंजिन मूळ स्थितीत हवं. ‘जास्त ताकदीचं इंजिन बसवलंय’ अशी जाहिरात दिसली की पुढे चला. आणि हे शेतातले ट्रक. खाली चिखल चिकटलेला असेल तर परकी माती म्हणून बंदरातच अडतो. जहाजात चढण्याआधी वाफेने धुवून घ्या आणि धुतल्याचा फोटो मागा.

आल्यावर चालू होत नाही?

आधी बॅटरी बघा. मग टाकीतलं शिळं पेट्रोल काढा, फिल्टर बदला, कार्ब्युरेटर साफ करा. लगेच लांब फेरी मारू नका. नव्वदच्या दशकातल्या कॅरीच्या एफ६ए इंजिनाला टायमिंग बेल्ट, म्हणजे आतल्या भागांचं फिरणं जुळवून ठेवणारा पट्टा, असतो. कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललेला नाही असंच धरा. १४५आर१२ मापाचे, वजन पेलणारे टायर अमेरिकेत कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत.

मित्राने जहाज सुटलं त्याच दिवशी बेल्ट, पाण्याचा पंप आणि चार टायर मागवून ठेवले. ट्रक शुक्रवारी दारात उतरला, आणि रविवारी आम्ही त्यातून बागेसाठी माती आणली.