नव्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीतून येणारी गटाराची दुर्गंधी: माझा अनुभव

सोलापूरहून पुण्यात वारज्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि पहिल्याच रात्री ड्राय बाल्कनीतून गटाराचा वास येऊ लागला. पहाटे तो सर्वाधिक असे. फिनेल आणि डांबराच्या गोळ्या निष्फळ ठरल्या. ओळख नसलेल्या भागात मिळालेल्या प्लंबरने थेट फरशी फोडायला सांगितले, तेव्हा मात्र मी हताश झालो.

अखेर बाल्कनीतल्या सांडपाण्याच्या जाळीवर पेटती उदबत्ती धरली असता धूर वर ढकलला गेला, म्हणजे हवा पाइपातूनच येत होती. मग स्क्रूड्रायव्हरने जाळी उचलली, नहाणी ट्रॅपमधले (जाळीखालचे पाणी साठून राहणारे भांडे) सिमेंटचे खडे व केस हाताने काढले (हातमोजे घालावेत) आणि बादलीभर पाणी ओतून निचरा तपासला. आतल्या पाइपावर उपडी बसणारी वाटीच तिथे नव्हती. रंगकाम करणाऱ्यांनी काढलेली ती वाटी माळ्यावर उरलेल्या टाइल्सशेजारी सापडली. ती घासून, कड पाण्यात बुडेल अशी बसवली, दोन तांबे पाणी ओतले आणि जाळी लावली. उदबत्तीचा धूर आता हलला नाही.

फ्लॅट बंद राहिल्यास वास अडवणारे हे पाणी आटते, म्हणून गावी जाताना त्यात चमचाभर गोडेतेल सोडतो.