लपणात बसायचं कशावर?

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये भावाच्या मळ्यातल्या उंबराखाली मी पहाटे साडेपाचला लपणात, म्हणजे पाखरांना न दिसता फोटो काढायच्या आडोशात, जाऊन बसले. समोर पंधरा हातांवर गुरांसाठी बांधलेली सिमेंटची उथळ टाकी. उन्हाळ्यात आसपासचं सगळं पाणी आटलं की पाखरं तिथे येतात. पावणेनऊला हरियालांचा थवा उंबरावर उतरला. नऊ पाखरं होती. बराच वेळ ती पानांत दिसेनाशीच झाली, मग एकेक फांदी खाली येऊ लागली. शेवटी दोघांनी टाकीच्या काठावर ते हळदीसारखे पिवळे पाय टेकले. तेवढ्यात माझ्या मांडीला आलेल्या मुंग्या सहन होईनात. मी जरा अंग सावरलं आणि खालचं प्लास्टिकचं स्टूल करकन वाजलं. क्षणात सगळा थवा उडाला. सव्वातीन तासांहून जास्त बसून माझ्या कॅमेऱ्यात आला तो रिकामा काठ.

आमच्याकडे हरियालाला हरोळी म्हणतात. आपला राज्यपक्षी. दिवसभर झाडाच्या शेंड्याला राहणारा, क्वचितच खाली येणारा. आणि कबुतराच्या कुळातला असल्यामुळे त्याची पाणी प्यायची रीतही वेगळी. बुलबुल चोच बुडवतो, मान वर करून घोट गिळतो, पुन्हा बुडवतो. त्यात आपल्याला वेळ मिळतो. हरियाल चोच पाण्यात ठेवून सलग ओढून घेतो आणि निघतो. अर्ध्या मिनिटाचा खेळ. त्या अर्ध्या मिनिटासाठी तीन-चार तास न हलता बसायचं असतं. म्हणून नव्याने लपण करणाऱ्या कुणीही विचारलं, की लेन्सच्या आधी मी बैठकीचं सांगते.

पहिलं काम मापाचं. अनवाणी पायांनी सपाट जमिनीवर उभं राहा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत टेप लावा. माझं माप १६ इंच येतं. बैठक साधारण तेवढीच उंच हवी. माझ्या कमरेतली चकती सरकलेली आहे, त्यामुळे मी इंचभर जास्त घेते. कंबर गुडघ्यांपेक्षा दोन बोटं वर राहिली की पाठीला ओढ बसत नाही. त्याहून उंच घेतली तर तळवे नीट टेकत नाहीत, सगळा भार मांडीच्या खालच्या बाजूवर येतो आणि तासाभरात मुंग्या येतात. बैठकीची पुढची कडही हात फिरवून बघा. कड धारदार असेल तर माप बरोबर असूनही पाय बधिर होतो. कड गोल हवी, नाहीतर तिच्यावर जुन्या साडीची जाड घडी शिवून घ्यावी.

दुकानात गेलात तर निदान वीस मिनिटं बसून बघा. मोबाइल पिशवीत ठेवा, हात गुडघ्यांवर घ्या, आणि किती मिनिटांनी पहिल्यांदा हलावंसं वाटतं ते लक्षात ठेवा. पाच मिनिटांतच चुळबुळ सुरू झाली तर ती खुर्ची कितीही मऊ असू दे, लपणात चालणार नाही. सहलीला नेतात ती कापडी झोळीची खुर्ची अशीच फसवी असते. वाट बघताना झकास वाटते, पण पाखरू आल्यावर डोळा कॅमेऱ्याला लावायला पुढे झुकायचं असतं आणि झोळी आपल्याला मागे खेचते. तिचे हातही आड येतात, कोपरं मोकळी राहत नाहीत. मला बिनहाताची, घट्ट बैठकीची आणि कमरेपुरताच टेका असलेली खुर्ची सगळ्यात मानवली.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लिंकनशरला असतो. तिथे रानकबुतरं मोहरीसारख्या पिकाचं फार नुकसान करतात, म्हणून शेतकरी लपणात बसून त्यांची शिकार करतात. त्यांची एक बैठक त्याने मला दाखवली. झाकणाची मोठी बादली, झाकणावर गादी, आणि झाकण गोल फिरणारं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हरियालाला संरक्षण आहे, आपल्या हातात कॅमेराच. तरी बादलीची कल्पना मला मनापासून आवडली. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्या, आत पाण्याची बाटली, डबा, ओडोमॉस, वर घट्ट झाकण आणि त्यावर गादी. तिला पाय नसल्यामुळे काळ्या मातीत ती रुतत नाही. फिरणारं झाकण मात्र मी लावलं नाही. त्यांना बंदूक घेऊन चटकन वळायचं असतं, आपला कॅमेरा टाकीकडेच रोखलेला असतो, आणि फिरणारी वस्तू कधी ना कधी कुरकुरतेच. बादलीला पाठ नसते, म्हणून ती दोन तासांच्या बैठकीला ठीक. त्यापुढे मला खुर्चीच लागते.

खुर्ची घेतलीत तर पायांखाली फळी टाका. ओल असेल तर बारीक पाय तासाभरात दोन इंच आत जातात, तेही एका बाजूने, आणि तिरकं बसून कमरेचा जीव जातो. रिव्हेटच्या सांध्यांना खोबरेल लावू नका, त्या तेलाला मुंग्या लागतात. शिलाईमशीनचं तेल लावा. मग डोळे मिटून तिच्यावर चारही बाजूंनी डोला आणि जिथे आवाज येईल तिथे कापडाची पट्टी गुंडाळा. पांढरी किंवा चमकणारी खुर्ची जाळीतून दिसते, तिच्यावर गोणपाट घाला. आपल्या पाठीमागेही गडद कापड सोडा.

गादीसाठी स्पंज नको, पहाटेचं दव पितो. योगासनांची चटई कापून चार पदर करा. ओलावा धरत नाही आणि सळसळतही नाही.

पाणी जमिनीसरशी असेल, म्हणजे ओढ्यातलं डबकं किंवा रानातला पाणवठा, तर वरची सगळी मापं सोडून द्यावी लागतात. उंचावरून काढलेल्या फोटोत पाखरू चिरडल्यासारखं दिसतं, म्हणून लेन्स त्याच्या डोळ्याच्या उंचीला न्यायची आणि आपणही खाली यायचं. तिथे मी सहा इंचांचा चौरंग घेते, पाय समोर पसरते आणि पाठीला भुसा भरलेलं पोतं लावते. विळीवर बसतो तसं एक गुडघा उभा करूनही बसता येतं, पण ते तासभरच. उठताना आधाराला एक मेख ठोकून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खिडकी आधी कापू नका. बहुतेक जण लपण उभारतात, अंदाजाने भोक पाडतात आणि मग त्या भोकाला पुरेल अशी बैठक शोधतात. मीही तेच केलं होतं. भोक तीन इंच खाली होतं, आणि ते तीन इंच माझ्या मानेने आठवडाभर भोगले. बैठक ठेवा, तिच्यावर गादी ठेवा, पाठ सरळ करून बसा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावून डोळा टेकवा. मग बरोबरच्या माणसाला बाहेरून लेन्सच्या टोकाशी खडूने खूण करायला सांगा. त्या खुणेवर कापा.

बैठक आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवावी, म्हणजे पहाटे खडखडाट होत नाही. पण रात्रभर ठेवलेल्या वस्तूवर तशीच जाऊन बसू नका. बॅटरी मारून खालून बघा, गोणपाट झटका, गादी उलटी करा. मला घडीत दोनदा विंचू सापडलाय.