वाचनालयासाठी निधी मागताय? आधी खर्चाचा तक्ता करा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गावातल्या वाचनालयासाठी एखाद्या कंपनीकडे सीएसआर निधी (कंपन्यांनी सामाजिक कामांसाठी द्यायचा पैसा) मागायचा असेल, तर अर्जाची सुरुवात वाचनालय चालवणाऱ्या मंडळाच्या इतिहासाने करू नका. पहिल्या चार ओळींत गरज सांगा: रोज किती जण येतात, किती पुस्तकं जमिनीवर पडून आहेत, पावसाळ्यात कुठली भिंत ओल धरते. आकडे हजेरीवहीतूनच घ्या.

खरी कसोटी खर्चाच्या तक्त्यात लागते. ‘फर्निचर, अंदाजे ५०,०००’ असं मोघम लिहू नका. समजा, लोखंडी रॅक ६, दर ७,५०० म्हणजे ४५,०००, १८ टक्के जीएसटी ८,१००, एकूण ५३,१००. वाहतूक वेगळी दाखवा. जीएसटी धरायचा राहिला, तर ते ८,१०० मंडळाला वर्गणी काढून भरावे लागतात. तीन दुकानांची कोटेशनं जोडा. तिन्हींत रॅकचं माप आणि पत्र्याची जाडी एकच हवी, नाहीतर दरांची तुलनाच होत नाही.

आपल्या सीमाभागात सगळ्यात जास्त घोळ होतो तो नावाचा. नोंदणीपत्रावर कन्नड, पॅनवर इंग्रजी, पासबुकावर तिसरंच स्पेलिंग! एवढ्यावरून चांगला अर्ज अडकतो, म्हणून हे आधी दुरुस्त करून घ्या. मंडळाची सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे असा निधी घेण्यासाठी केंद्र सरकारकडे करायची नोंदणी, १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. तिला आयकर खात्याकडची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी लागते. शिवाय तशाच कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे जुने हिशेब, फोटो जपून ठेवा. ग्रामपंचायतीला द्यायचं पत्र मात्र कन्नडमध्येच लिहा.