गाडीच्या खाचाखोचांसाठी लहान बफिंग पॅड: कोणतं घ्यायचं, कसं चालवायचं

बोनेट आणि छत पॉलिशच्या मशीनला लावलेल्या पाच-सहा इंची फोमच्या पॅडने चमकून निघतं. राहतात त्या अडचणीच्या जागा: हँडलमागची नखांनी ओरबाडलेली वाटी, आरशाचं कव्हर, समोरच्या काचेशेजारचे खांब, नंबर प्लेटच्या भोवताल, बंपरमधले फॉग लॅम्पचे कोपरे. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसायची सवय आहे, त्यामुळे जाळी, म्हणजे उन्हात दिसणारे बारीक गोल ओरखडे, या जागांवरही भरपूर असतात. मोठं पॅड तिथे तिरपं करून घुसवलं की कडेचा रंग उडतो.

आधी पट्टी घेऊन जागेची सगळ्यात अरुंद रुंदी मोजा. रोटरी मशीनवर, म्हणजे पॅड जागच्या जागी नुसतं गोल फिरवणाऱ्या, पॅड त्याहून निदान अर्धा इंच लहान हवं. डीए (ड्युअल अॅक्शन) मशीनला आणखी एक हिशेब लागतो, कारण पॅड फिरता फिरता हेलकावतंही. या हेलकाव्याच्या व्यासाला थ्रो म्हणतात. 12 मिमी थ्रोच्या मशीनवर 3 इंची, म्हणजे 76 मिमी पॅड प्रत्यक्षात 88 मिमी जागा व्यापतं. 3 मिमी थ्रोवर तेच पॅड 79 मिमीत काम करतं. कोपऱ्यांसाठी थ्रो लहान घ्यावा तो यासाठीच.

3 इंची पॅड बहुतेक जागा उरकतं. 2 इंची फॉग लॅम्पभोवती आणि स्पॉयलरखाली लागतं. 1 इंची पॅड हँडलच्या वाटीत जातं, पण तेवढ्यासाठी ते घेणं आमच्या मते गरजेचं नाही. बोटाला मायक्रोफायबर गुंडाळून पॉलिश चोळलं तर वाटी दहा मिनिटांत साफ होते.

पॅडपेक्षा बॅकिंग प्लेटची, म्हणजे पॅड वेल्क्रोने ज्या कडक चकतीवर चिकटतं तिची, निवड जास्त महत्त्वाची. प्लेट पॅडहून पाव ते अर्धा इंच लहान हवी, म्हणजे चारही बाजूंनी फोम बाहेर राहतो. दोन्हींचं माप सारखं असलं की प्लेटची कड थेट रंगाला लागते, आणि तो चट्टा बफने जात नाही. पॅड लावताना मधोमध बसलंय का ते फिरवून बघा. जरा एका बाजूला सरकलं तरी मशीन थरथरतं. फोम 15 ते 20 मिमी जाडीचा पुरे. व्यास लहान आणि फोम जाड असलं की पॅड एका बाजूला कलतं. मध्ये भोक असलेलं मिळालं तर तेच घ्या, उष्णता बाहेर पडायला वाट राहते.

मशीन वेगळं घेणार नसाल तर बसवता काय येतं ते पाहा. रोटरीला बहुधा एम-14, म्हणजे 14 मिमी मापाचे, आटे असतात. त्यावर 3 इंची पॅडची प्लेट आणि सोबत एक्स्टेन्शन शाफ्ट लावला की मशीनचं डोकं बंपरला आपटत नाही. पाच-सहा इंची पॅडच्या डीएवर मात्र 3 इंची पॅडची प्लेट लावू नका, त्याचं वजन मोठ्या प्लेटसाठी तोललेलं असतं. ड्रिलला दांडीचा अडॅप्टर चालतो, फक्त हॅमर मोड बंद आहे ना ते आधी बघा. गावाकडे 4 इंची ग्राइंडरवर पॅड लावायची पद्धत दिसते, ती सोडा. तो मिनिटाला 11,000 च्या आसपास फिरतो, आणि क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, एका दाबात जळतो.

लहान पॅड रंगाला हळुवार असतं, हा मोठा गैरसमज. 3 इंची पॅडचं क्षेत्रफळ 6 इंचीच्या चौथाई असतं. हाताचा जोर तोच ठेवला तर रंगावरचा दाब चौपट होतो. उलट 1500 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 1500 फेऱ्यांना, 6 इंची पॅडची कड सेकंदाला सुमारे 12 मीटर धावते, 3 इंचीची 6 मीटर. लहान पॅड कापत नाही, म्हणजे ओरखडे जात नाहीत, म्हणून माणूस जोर लावतो आणि तिथेच रंग जातो. मशीनच्या वजनाएवढाच दाब ठेवा. रोटरीवर लोखंडी पत्र्याला 1200 ते 1800 आरपीएम, प्लास्टिक बंपरला 1000 ते 1200. प्लास्टिक उष्णता पसरू देत नाही, म्हणून बंपर पत्र्याच्या आधी तापतो. कंपनीचा रंग सगळे थर मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन असतो, कडांवर त्याहून पातळ. म्हणून प्रत्येक कडेवर, काळ्या प्लास्टिकवर आणि रबरी बीडिंगवर मास्किंग टेप लावूनच सुरुवात करा.

पॅडच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंगसंकेत वेगळा. चिमटीत दाबून पाहा: कडक ते कटिंगचं, मधलं पॉलिशिंगचं, मऊ ते फिनिशिंगचं. सुरुवात मधल्यानेच करा. लोकरी पॅड कडा-कोपऱ्यांत नको. एका गाडीला 3 इंची पॉलिशिंगचे चार, कटिंगचे दोन, फिनिशिंगचे दोन आणि 2 इंची दोन पॅड ठेवा. संख्या जास्त वाटेल, पण लहान पॅड लवकर तुंबतं आणि तापतं. तापलेल्या पॅडचा वेल्क्रो मऊ पडून पॅड उडून जातं.

कामाआधी गाडी धुऊन क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेली घाण उचलणारी मऊ वडी, मारा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग आरशाखाली आणि हँडलमागे घट्ट बसलेले असतात. थंड पत्र्यावर व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे लावा, मिनिटभरात पुसून धुवा. शेवटचं पाणी आरओच्या कॅनचं वापरा, नाहीतर डाग पुन्हा उमटतात. मग कोरड्या पॅडवर पॉलिशचे हरभऱ्याएवढे तीन थेंब, पुढच्या वेळी दोन. अर्धा फूट बाय अर्धा फूट जागा घ्या, मशीन चालू करण्याआधी पॅड टेकवा आणि आडवे-उभे असे चार हात फिरवा. डीएच्या प्लेटवर मार्करने रेघ मारून ठेवा. रेघ स्थिर दिसली की पॅड फिरायचं थांबलंय: दाब कमी करा किंवा मशीन सरळ धरा. दर दोन हातांनंतर बोटांच्या पाठीने रंग चाचपा. चटका लागला की थांबा.

एप्रिल-मे महिन्यांत काम सकाळी सहा ते नऊ या वेळात उरका. दुपारी टिनाच्या शेडखाली सावली असली तरी पत्रा तापलेला असतो, पॉलिश सुकून पूड होते आणि तीच पूड ओरखडे पाडते.

प्रत्येक भागानंतर नायलॉन ब्रशने पॅड झाडा. काम संपल्यावर भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा आणि फोम खाली, वेल्क्रो वर ठेवून सावलीत वाळवा, म्हणजे पाणी गोंदात मुरत नाही.